निष्क्रिय वायूंचा टंच

खामगावच्या सराफ्यात चांदीचा व्यवहार सुरू झाला की भावाच्या आधी टंच विचारला जातो. टंच म्हणजे शुद्धतेचं माप. आता त्यासाठी यंत्रं आली आहेत, पण जुनी रीत साधी होती. कारागीर काळ्या कसोटीवर आलेल्या चांदीची एक रेघ ओढायचा, तिच्या शेजारी टंच माहीत असलेल्या चांदीची दुसरी रेघ ओढायचा, दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडायचा आणि रंग कसा बदलतो ते निरखत राहायचा. नजर सरावलेली असायचीच, पण निवाडा शेजारच्या त्या माहितीतल्या रेघेवर व्हायचा. ती रेघ नसेल तर कसोटी हा नुसता दगड.

रजतनगरी म्हणवणाऱ्या या गावात वावरलेल्या माणसाला क्वांटम रसायनशास्त्रातली एक गोष्ट त्यामुळे लवकर उमगते. या शास्त्रात संगणकावर अणू-रेणूंचं गणित मांडण्याच्या डझनावारी पद्धती आहेत. प्रत्येकीत काही ना काही गृहीत धरलेलं असतं, काही ना काही सोडून दिलेलं असतं. औषधाचा रेणू असो, बॅटरीतला क्षार असो की नवा उत्प्रेरक, एखाद्या पद्धतीने दिलेलं उत्तर खरं मानायचं की नाही हे ठरवायचं कसं? शेजारी एक खात्रीची रेघ लागते. हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन या निष्क्रिय वायूंची विद्युत ध्रुवणक्षमता ही तशा खात्रीच्या रेघांपैकी एक आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत सुरेख.

ध्रुवणक्षमता म्हणजे काय ते समजायला सराफ्यातून कापसाच्या बाजाराकडे वळू. हेही खामगावचंच. इथल्या कापसासाठी १८७० साली जलंब–खामगाव हा रेल्वेचा खास फाटा टाकला गेला. जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढून पिंजलेली मोकळी रुई तुम्ही हातात घेतली असेल. नुसती फुंकर मारली तरी तिचा आकार बदलतो. तीच रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधली की तिला लाथ मारली तरी हलत नाही. अणूच्या मध्यभागी धन भाराचं केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉनांचा ऋण भाराचा ढग. अणू विद्युत क्षेत्रात ठेवला की केंद्रक एका बाजूला ओढलं जातं, ढग दुसऱ्या बाजूला. एरवी गोल आणि समतोल असलेला अणू किंचित लांबट होतो, त्याला एक धन टोक आणि एक ऋण टोक येतं. यालाच ध्रुवण म्हणायचं. ठरावीक क्षेत्रात हे ध्रुवण किती होतं, ते सांगणारा आकडा म्हणजे ध्रुवणक्षमता. हेलियम ही दाबून बांधलेली गाठ आहे, झेनॉन ही पिंजलेली रुई.

'किंचित' म्हणजे किती, तेही पाहू. कोरड्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला साधारण ३० लाख व्होल्टचं क्षेत्र लागतं. एवढ्या क्षेत्रात आर्गॉनचा अणू ठेवला, तर त्याच्या १८ इलेक्ट्रॉनांच्या ढगाचा मध्यबिंदू किती सरकेल? गणित केलं की येतं सुमारे ०.२ फेम्टोमीटर. एका प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आहे. म्हणजे हवा फोडून ठिणगी पाडणारं क्षेत्र लावूनही अणूचा सगळा ढग प्रोटॉनच्या त्रिज्येच्या पाव हिश्शाइतकाही सरकत नाही. हे अंतर थेट कोणी पाहू शकत नाही. तरीही ते मोजता येतं, कारण मोजणाऱ्याच्या हाताशी एक अणू नसतो, अब्जावधी अब्ज अणू असतात, आणि त्यांच्यातून आरपार जाणारा प्रकाश असतो.

प्रकाश हेही एक विद्युत क्षेत्रच, सतत दिशा बदलणारं. वायूतून जाताना तो प्रत्येक अणूच्या ढगाला मागेपुढे झुलवतो आणि त्या झुलवण्यात थोडा मंदावतो. किती मंदावला हे अपवर्तनांकावरून कळतं. एक हिशेब इथेच करू. शून्य अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाला एक घनमीटर वायूत २.६८७ गुणिले १० चा २५वा घात एवढे अणू असतात. आर्गॉनची ध्रुवणक्षमता आकारमानाच्या मापात १.६४ घन अँगस्ट्रॉम आहे, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. विरळ वायूसाठी नियम सोपा आहे: अणूंची संख्या गुणिले ध्रुवणक्षमता गुणिले दोन पाय. उत्तर येतं ०.०००२७७. निर्वातात प्रकाश जितका वेगवान, त्याहून आर्गॉनमध्ये तो साधारण इतक्या अंशाने मंद. प्रयोगशाळेत दृश्य प्रकाशासाठी मोजलेला आकडा आहे ०.०००२८१. उरलेला बारीक फरक ही चूक नाही. आपण स्थिर क्षेत्राची ध्रुवणक्षमता वापरली. प्रकाशाचं क्षेत्र वेगाने झुलतं आणि झुलत्या क्षेत्राला ढग थोडा अधिक साथ देतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लाइव्ह आणि मॉड कथबर्टसन या इंग्रज दांपत्याने या पाचही वायूंचे अपवर्तनांक फार काळजीपूर्वक मोजले. क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन सापडून तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. तिन्ही १८९८ सालचे. आर्गॉन त्याआधीचा, १८९४ चा. तो इतका उशिरा सापडावा याचं नवलच वाटतं, कारण हवेचा जवळजवळ एक टक्का भाग आर्गॉनच आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत अडीचशे लिटरांहून अधिक आर्गॉन असतो. आपण तो श्वासाबरोबर आत घेतो, तसाच बाहेर सोडतो, आणि तो कशाशीही संयोग करत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा आर्गॉनशी एक खास संबंध आहे. लोणारचं विवर किती जुनं, हा वाद अनेक वर्षं चालला होता. खडकातल्या पोटॅशियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून आर्गॉन तयार होतो आणि आत अडकून राहतो. उल्कापाताने वितळलेल्या लोणारच्या खडकातल्या आर्गॉनवरून २०११ साली वय काढलं गेलं: सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार वर्षं इकडेतिकडे. काही न करणारा वायूही साक्ष चोख देतो.

आता मूळ मुद्दा. निष्क्रिय वायूच कसोटीला का घ्यायचे? पाण्याचा रेणू का नको? पाण्याचा रेणू वाकडा आहे. वेगवेगळ्या दिशांनी त्याची ध्रुवणक्षमता वेगळी, शिवाय तो सतत थरथरतो आणि फिरतो. संगणकाचं उत्तर प्रयोगाशी जुळलं नाही, तर चूक पद्धतीची, थरथरण्याची की मोजणीची, हे सोडवत बसावं लागतं. निष्क्रिय वायूचा अणू एकटा आहे, पूर्ण गोल आहे, त्याची सगळी इलेक्ट्रॉन-घरं भरलेली आहेत. कुठूनही क्षेत्र लावा, आकडा एकच. आणि तो आकडा प्रयोगाने फार अचूक माहीत आहे. अणूंच्या जगातल्या एककात, म्हणजे अणु-एककात, हेलियम १.३८, निऑन २.६६, आर्गॉन ११.०८, क्रिप्टॉन १६.८ च्या आसपास आणि झेनॉन २७.३. (एक अणु-एकक म्हणजे ०.१४८ घन अँगस्ट्रॉम.) हायड्रोजनची ध्रुवणक्षमता किती? ४.५, बरोब्बर. हायड्रोजनचं गणित कागदावर पूर्ण सुटतं आणि ते १९२६ साली, श्रोडिंगरचं समीकरण आलं त्याच वर्षी, सोडवलंही गेलं. हायड्रोजनला एकच इलेक्ट्रॉन, हेलियमला दोन, तरी हेलियमचा ढग हायड्रोजनच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच वाकतो. केंद्रकाचा भार दुप्पट झाला की गाठ किती करकचून आवळली जाते ते इथे दिसतं.

पण दोन इलेक्ट्रॉन आले की कागदावरचं नेमकं उत्तर संपलं. दोघे एकमेकांना ढकलत असतात. एकाची जागा दुसऱ्यावर अवलंबून, दुसऱ्याची पहिल्यावर. मग जवळपासचं उत्तर शोधावं लागतं. १९२७–२८ च्या सुमारास डग्लस हार्ट्री यांनी एक वाट काढली. प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांच्या सरासरी ढगात फिरू द्यायचं, त्यातून नवा ढग काढायचा, त्या ढगात पुन्हा फिरवायचं, आणि ढग बदलायचा थांबेपर्यंत हे करत राहायचं. हातयंत्रावरच्या या किचकट आकडेमोडीत त्यांना वडिलांची, विल्यम हार्ट्री यांची, साथ होती. १९३० मध्ये फॉक यांनी ती पद्धत शास्त्रशुद्ध केली, आणि आज हार्ट्री-फॉक ही या शास्त्रातली पहिली पायरी आहे. आपल्या लॅपटॉपवर हेलियमचं हार्ट्री-फॉक गणित डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

त्यातून ध्रुवणक्षमता कशी निघते ते प्रत्यक्ष पाहू. क्षेत्र नसताना हार्ट्री-फॉकने हेलियमची ऊर्जा येते −२.८६१६८०, हार्ट्री या एककात. आता संगणकाला सांगायचं, ०.०१ अणु-एककाचं क्षेत्र लाव. आकडा लहान वाटतो, पण हे क्षेत्र दर मीटरला पाचशे कोटी व्होल्टांहून जास्त आहे. ऊर्जा येते −२.८६१७४६. फरक ०.००००६६. क्षेत्रात अणूची ऊर्जा ध्रुवणक्षमता गुणिले क्षेत्राचा वर्ग, याच्या निम्म्याने उतरते. म्हणून फरकाची दुप्पट करायची, ०.०००१३२, आणि क्षेत्राच्या वर्गाने, म्हणजे ०.०००१ ने भागायचं. उत्तर १.३२.

हे एवढंच आहे, आणि यातच पहिला धडा आहे. ऊर्जेचे सहा दशांश आपण लिहिले, पण फरकात हाती लागले दोनच अंक, ६ आणि ६. बाकी सगळे वजाबाकीत उडाले. म्हणून अशा कामात संगणकाला ऊर्जा दहा-दहा दशांशांपर्यंत स्थिर होईतो फेऱ्या मारायला सांगावं लागतं. घाईत थांबवलं तर ध्रुवणक्षमतेच्या जागी गणिताचा कचरा हाती येतो, आणि तो कचरा दिसायला अगदी खऱ्या उत्तरासारखाच असतो.

दुसरा धडा साच्यांचा. मी पहिल्यांदा निऑनचं गणित लावलं, तेव्हा उत्तर आलं शून्य. ०.०००. क्षेत्र दुप्पट केलं, दहापट केलं, उत्तर शून्यच. कारण समजायला एक संध्याकाळ गेली, पण तेव्हा जे कळलं ते पुन्हा विसरलं नाही.

इलेक्ट्रॉनांचा ढग संगणक मोकळ्या हाताने काढत नाही. त्याला आपण काही ठरावीक आकार देतो, गोल, दोन पाकळ्यांचे, चार पाकळ्यांचे, आणि तो या आकारांची कमी-जास्त मिसळ करून ढग घडवतो. ठसे आणि साचे जसे कारागिराच्या हाताशी असतात, तसेच हे. ज्या आकाराचा साचाच पेटीत नाही, तो आकार दागिन्यात उतरणार नाही. सगळ्यांत छोट्या साचा-पेटीत हेलियमला एकच साचा मिळतो, तोही गोल. गोल साच्यातून ढग बाजूला कसा सरकणार? निऑनला त्या पेटीत पाच साचे मिळतात आणि निऑनचे दहा इलेक्ट्रॉन प्रत्येक साच्यात दोन याप्रमाणे पाचही भरून टाकतात. हलायला रिकामी जागाच उरत नाही. क्षेत्र कितीही वाढवा, उत्तर शून्य. संगणक खोटं बोलत नव्हता. मी दिलेल्या पेटीत जे शक्य होतं तेच तो करत होता.

मग मोठी पेटी घेतली तर? थॉम डनिंग यांनी १९८९ साली साच्यांचे पद्धतशीर संच तयार केले, एकापेक्षा एक मोठे. पण त्यातलाही साधा संच घेतला तर निऑनचं उत्तर खऱ्याच्या आसपास फिरकत नाही. साचे केंद्रकाजवळ दाटीवाटीने ठेवलेले असतात, कारण बहुतेक ऊर्जा तिथेच आहे. ध्रुवण मात्र ढगाच्या काठावर घडतं. कापसाची गाठ मधून दाबली तर दबत नाही, कडेचे सुटे तंतू मात्र वाऱ्यासरशी उडतात. त्या कडेसाठी दूरवर पसरणारे, विरळ साचे लागतात. डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली तसे विरळ साचे जोडलेले संच दिले आणि निष्क्रिय वायूंची उत्तरं एकदम सुधारली. ऊर्जा जवळजवळ बरोबर आणि ध्रुवणक्षमता साफ चूक, असं एकाच गणितात घडू शकतं. नुसत्या ऊर्जेवर विश्वासून राहणाऱ्याला हे कळतच नाही. निऑनपाशी मात्र ते लगेच उघडं पडतं.

समजा, पेटी हवी तेवढी मोठी केली. आता चूक उरली ती फक्त पद्धतीची. हार्ट्री-फॉकने हेलियमला १.३२ मिळतात, हवेत १.३८; चार टक्के कमी. आर्गॉनला १०.८ मिळतात, हवेत ११.०८, तीन टक्के कमी. झेनॉनला जेमतेम एक टक्का कमी. आणि निऑनला मिळतात २.३८, हवेत २.६६. तब्बल अकरा टक्क्यांची तूट! आकाराने लहान, गुणाने सरळ दिसणारा निऑन पद्धतीला सगळ्यांत जास्त सतावतो.

कारण हवं असेल तर शेगावच्या वाटेवरची गर्दी आठवा. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर लाखो माणसं शेगावपर्यंत चालत जातात. कुणी आकाशातून पाहून दर चौरस मीटरला माणसं किती, हे सरासरीने सांगितलं तर ते खोटं नाही. पण त्या वाटेवर चालणारा सरासरीला चुकवून चालत नसतो. समोरची आजी थांबली की तो डावीकडे होतो, शेजारच्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली की हा थोडा मागे सरतो. क्षणाक्षणाला प्रत्येक जण प्रत्येकाला टाळत असतो, म्हणून तर एवढी गर्दी पुढे सरकते. हार्ट्री-फॉकला फक्त आकाशातून दिसणारी सरासरी दिसते. इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना हे क्षणोक्षणी टाळणं, त्याला सहसंबंध म्हणतात, ते तिच्या हिशेबात येत नाही. निऑनचे आठ बाहेरचे इलेक्ट्रॉन फार छोट्या जागेत कोंबलेले आहेत, म्हणून टाळाटाळ तिथेच सगळ्यांत महत्त्वाची. टाळताना ते थोडे बाहेर सरकतात, ढग सैल होतो आणि सैल ढग जास्त वाकतो.

सहसंबंध धरण्याची सगळ्यांत साधी दुरुस्ती लावली की निऑन २.७ च्या पुढे जातो. तूट भरून निघते, पण उलट्या बाजूने चूक होते. कपल्ड क्लस्टर ही अधिक काटेकोर पद्धत, जिची मांडणी १९६६ साली यिर्झी चिझेक यांनी रसायनशास्त्रासाठी केली, तिने उत्तर २.६६ च्या अगदी जवळ येतं. तिचं सर्वांत वापरातलं रूप १९८९ साली कृष्णन राघवाचारी, जॉन पोपल आणि सहकाऱ्यांनी दिलं. किंमत मात्र जबर आहे. रेणू दुप्पट मोठा झाला की या पद्धतीचं काम १२८ पट वाढतं. एका अणूला परवडतं; औषधाच्या मोठ्या रेणूला नाही.

म्हणून दुसरी वाट. इलेक्ट्रॉन एकेक मोजत बसण्याऐवजी ढगाच्या घनतेवरूनच सगळं काढायचं, ही घनता-फलन पद्धत. तिचा पाया १९६४ साली घातला गेला. तिच्या सगळ्यांत साध्या रूपाला कसोटीवर घासलं की हेलियमचा आकडा येतो १.६६ च्या घरात, खऱ्याहून वीस टक्के जास्त. हार्ट्री-फॉक ढगाला जास्त आवळते, ही जास्त सैल सोडते. अणूपासून दूर गेलेल्या इलेक्ट्रॉनला मागे ओढणारं बळ या पद्धतीत फार लवकर विझून जातं, म्हणून कडेचे तंतू मोकाट सुटतात. ही त्रुटी निष्क्रिय वायूंनी दाखवली, आणि पुढची सुधारलेली रूपंही पुन्हा याच वायूंवर घासून पाहिली गेली.

या वाटेवर महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांनी मोलाचं काम केलं आहे आणि ते मराठी वाचकांपर्यंत फारसं पोचलेलं नाही. १९८० साली झँगविल आणि सोव्हेन यांनी अमेरिकेत घनतेची पद्धत निष्क्रिय वायूंच्या प्रकाश शोषण्यावर लावून दाखवली होती. पण झुलत्या क्षेत्रासाठी त्या पद्धतीला पक्का सैद्धांतिक पाया तेव्हा नव्हता. तो रुंगे आणि ग्रॉस यांनी १९८४ साली घातला, असं पाठ्यपुस्तकात वाचायला मिळतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८२ साली, पवईच्या आयआयटीत बी. एम. देब आणि स्वपन घोष यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता: काळाबरोबर बदलणाऱ्या क्षेत्रात अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या प्रणालीची ध्रुवणक्षमता घनतेवरून कशी काढायची. इलेक्ट्रॉनांचा ढग हा वाहता द्रव आहे असं मानून, त्याची घनता आणि त्याचा प्रवाह यांची समीकरणं त्यांनी मांडली. घोष पुढे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गेले आणि तिथे सैद्धांतिक रसायनशास्त्राची परंपरा उभी राहिली. पवईचं हे काम जगात आधीच्या पायऱ्यांपैकी एक म्हणून ओळखलं जातं. आपल्या विद्यापीठांतल्या पदव्युत्तर वर्गात ते आवर्जून शिकवलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातही दोन ठिकाणी हे शास्त्र रुजलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल यांच्या गटाने कपल्ड क्लस्टर पद्धतीतून विद्युत गुणधर्म काढण्याच्या नव्या वाटा शोधल्या. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांचा गट अणू-रेणूंभोवतीच्या विद्युत विभवाचा अभ्यास करत होता आणि सी-डॅकच्या परम संगणकावर क्वांटम रसायनशास्त्राचं गणित अनेक प्रक्रियकांना वाटून देत होता. परम ८००० आला १९९१ साली, आणि तो उभारणाऱ्या सी-डॅकचे प्रमुख विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. तेव्हाच्या परमपेक्षा आज खामगावातल्या एखाद्या मुलाच्या खिशातला फोन पुष्कळ वेगवान आहे.

पण हे सगळं फक्त पद्धती तपासण्यापुरतंच आहे का? नाही. ध्रुवणक्षमता हा या वायूंच्या स्वभावाचाच गाभा आहे. दोन गोल, उदासीन अणू एकमेकांना ओढतात तरी कशाने? १९३० साली फ्रिट्झ लंडन यांनी दाखवलं की एका अणूचा ढग क्षणभर एका बाजूला झुकला की शेजारच्याचा ढग त्याला प्रतिसाद देतो, आणि दोघांत बारीक ओढ तयार होते. ढग जितका वाकणारा, तितकी ओढ मोठी. म्हणून हेलियम उणे २६९ अंशांना उकळतो, निऑन उणे २४६ ला, आर्गॉन उणे १८६ ला, क्रिप्टॉन उणे १५३ ला आणि झेनॉन उणे १०८ ला. ध्रुवणक्षमतेच्या यादीशी हा क्रम जुळवून पाहा. झेनॉन इतका वाकणारा आहे की तो मेदात चांगला विरघळतो, आणि १९५१ साली तो भूल देण्यासाठी माणसांवर वापरला गेला.

यादीच्या खाली उतरावं तसे नवे प्रश्न येतात. जड अणूत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्यापैकी जवळ जातात, म्हणून आइन्स्टाइनची सापेक्षता गणितात घ्यावी लागते. रेडॉन किरणोत्सारी असल्याने त्याचा ३५ च्या आसपासचा आकडा मुख्यतः संगणकातूनच आलेला आहे. त्याच्याही खाली आहे ओगॅनेसन, ११८ वं मूलद्रव्य, ज्याला २०१६ साली नाव मिळालं. आजवर त्याचे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच अणू तयार झाले, आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकले. त्याची ध्रुवणक्षमता संगणक सांगतो, ५८ च्या आसपास, झेनॉनच्या दुप्पट. २०२० साली केलेल्या गणितानुसार, पुरेसं ओगॅनेसन कधी हाती आलंच तर ते नेहमीच्या तापमानाला वायू नसेल, घन असेल. हे आपण मानतो ते एवढ्याचसाठी की तीच पद्धत निऑन-आर्गॉनच्या कसोटीवर आधी उतरलेली आहे.

दुसऱ्या टोकाला, हेलियमपाशी, तर उलटच झालं आहे. तिथे गणित इतकं पुढे गेलं की प्रयोगाचीच कसोटी गणित घेतं. इलेक्ट्रॉनांचा सहसंबंध पूर्ण धरून हेलियमची ध्रुवणक्षमता १.३८३१९२ येते. मग केंद्रकाचं वजन अनंत नाही याची दुरुस्ती, सापेक्षतेची दुरुस्ती, निर्वातातल्या क्वांटम चळवळीची दुरुस्ती, आणि वॉर्सा व अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दिलेला आकडा १.३८३७६०८ च्या जवळ पोचतो. यंत्राने मोजून इतके अंक मिळवणं फार कठीण. म्हणून तापमानाचं एकक ठरवतानाच हा आकडा वापरला गेला. भांड्यात हेलियम भरायचा, दाब आणि विद्युत गुणधर्म मोजायचे, एका अणूची ध्रुवणक्षमता गणितातून घ्यायची. मग अणू किती आहेत आणि ते किती तापलेले आहेत, हे निघतं. जर्मनीच्या मानक संस्थेने याच रीतीने बोल्ट्झमन स्थिरांक मोजला, आणि २० मे २०१९ पासून केल्व्हिनची जी नवी व्याख्या अमलात आली तिच्या आधारस्तंभांत ही मोजणी आहे. मे महिन्यात खामगावचा पारा ४५ वर गेल्याची बातमी येते, तेव्हा त्या अंशाच्या व्याख्येत हेलियमच्या वाकण्याचाही हिस्सा असतो.

हे काम करून पाहायला आता प्रयोगशाळा लागत नाही. सायफोर आणि पाय-एससीएफ यांसारख्या संगणक-प्रणाली फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र असेल तर या सुट्टीत एक दिवस काढा. हेलियमपासून सुरुवात करा, मोठी साचा-पेटी घ्या, ऊर्जा दहा दशांशांपर्यंत स्थिर होऊ द्या, क्षेत्र लावा, वजाबाकी करा. १.३२ आले तर तुमचं हार्ट्री-फॉक बरोबर चाललं आहे. नंतर निऑन घ्या. २.३८ आले तर पेटी पुरेशी मोठी आहे. शून्य आलं तर पेटी उघडून साचे मोजा.